सोबत्याचं लेखन तपासताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या एस.वाय.बी.ए.च्या मराठीच्या वर्गात प्रत्येक जण सत्रभर दर पंधरवड्याला एक टिपण लिहितो. विषय त्याचा, लांबी साधारण दोन पानं. प्रत्येक टिपण वर्गातले दोघे वाचतात, खाली सहीनिशी शेरा लिहितात आणि सत्र संपताना एकमेकांचं सगळं लेखन सलग वाचून मूल्यमापनही करतात. दर जून-जुलैत नवी तुकडी येते ती हेच प्रश्न घेऊन. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही इतर महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांचे. उत्तरं माझी आहेत, विद्यापीठाचे नियम नव्हेत.

मॅडम, तपासायचं आम्हीच, मग तुम्ही काय करणार?

तुमचे शेरे तपासणार. टिपणं तर वाचणारच.

प्रश्न वाजवी आहे, म्हणून नीट उत्तर देते. परीक्षेत तुम्ही ज्याच्यासाठी लिहिता तो वाचक बांधलेला असतो. उत्तरपत्रिका तपासण्याचं त्याला मानधन मिळतं, कंटाळा आला तरी शेवटच्या ओळीपर्यंत जावंच लागतं. शेजारच्या बाकावरच्या सोबत्याला तसं बंधन नाही. तो दुसऱ्या परिच्छेदात जांभई देऊ शकतो. ती जांभई नेमकी कुठे आली हे लेखकाला कळणं माझ्या दहापैकी सात गुणांपेक्षा मोलाचं असतं.

पण खरा फायदा शेरा देणाऱ्याचा. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकायला आलेल्या परभाषिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोघींनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने फक्त इतरांच्या लेखनावर सूचना द्यायला शिकायचं, दुसऱ्याने फक्त आलेल्या सूचना वापरून लेखन सुधारायला. सत्राअखेर स्वतःचं लेखन जास्त सुधारलं ते सूचना देणाऱ्यांचं, त्यातही भाषेत कच्चे असणाऱ्यांचं. माझा वर्गातला अनुभव याच्याशी जुळतो. दुसऱ्याच्या टिपणातली फुगलेली प्रस्तावना ज्याच्या डोळ्यांत खुपते, त्याची स्वतःची प्रस्तावना पुढच्या खेपेला आपोआप आखूड होते.

आणि हे काही नवीन फॅड नाही. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची आठ साधनं होती. आठवं साधन 'इतर', आणि त्या 'इतर'च्या कंसात प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, गटकार्य यांच्या पंगतीला 'सहाध्यायी मूल्यमापन' बसलेलं होतं. तुम्ही सगळे त्यातून पार पडून इथवर आलात. आठवतं फार थोड्यांना, कारण बहुतेक ठिकाणी ते वह्यांची अदलाबदल करून शुद्धलेखनाच्या चुकांना गोल करण्यापलीकडे गेलंच नाही.

मुलांनी दिलेल्या गुणांवर विश्वास ठेवता येतो का?

हा प्रश्न बहुधा स्टाफरूममधून येतो. ठेवता येतो, पण बेताने. फाल्चिकॉव्ह आणि गोल्डफिंच यांनी २००० साली उच्च शिक्षणातले ४८ अभ्यास एकत्र करून विद्यार्थ्यांचे गुण आणि शिक्षकांचे गुण ताडून पाहिले. सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला. पूर्ण मेळ म्हणजे १, त्या मानाने हा बरा आकडा आहे. मात्र सहसंबंधाचा अर्थ समजून घ्यावा : शिक्षकाला वर वाटलेलं विद्यार्थ्यांनाही साधारण वरच वाटलं, एवढंच तो सांगतो. दोघांनी सारखेच गुण दिले असं नव्हे. विद्यार्थी हात सैल सोडतात हे मी दर सत्रात पाहते. दहापैकी साडेआठच्या खाली उतरायला त्यांना जड जातं.

त्या संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटली. निकष सगळ्यांना नीट उमगलेले असतील आणि गुण एकूण लेखनाला मिळून द्यायचे असतील, तर मेळ चांगला बसतो. आशय, मांडणी, भाषा, अक्षर, सुरुवात, शेवट असे सुटे-सुटे गुण द्यायला लावले की तो बिघडतो. दहा रकान्यांचा तक्ता दिसायला शास्त्रशुद्ध असतो खरा. पण तो भरणारा विद्यार्थी आधी मनाशी एकूण आकडा ठरवतो आणि मग रकान्यांत त्याची वाटणी करतो. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या फायलीसाठी असा तक्ता लागत असेल तर जरूर करा, वर्गात वाटू नका.

मग गुण कधी आणि कशाचे?

सत्राच्या शेवटी, एकदाच. मधल्या टिपणांना फक्त शेरा, आकडा नाही. यावर दर वर्षी कुरकुर होते, "निदान किती पडले असते ते तरी सांगा" अशी. सांगत नाही, त्याला कारण आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचा रस टिकला आणि कामही सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही. खात्री करायची असेल तर उत्तरपत्रिका परत मिळतात त्या दिवशी स्वतःकडे बघा.

शेवटच्या मूल्यमापनात अंतर्गत गुणांपैकी काही गुण लेखनाचे असतात आणि काही तुम्ही इतरांना दिलेल्या शेऱ्यांचे. शेऱ्यांचे गुण मी देते. लेखनाचे गुण ठरवताना तुमच्या सोबत्यांचं मत माझ्यासमोर असतं, पण सही माझी असते आणि तक्रार करायची तर ती माझ्याकडेच.

चांगलं लेखन ओळखायचं कसं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उदाहरण घेऊनच बोलू. समजा विषय गावच्या आठवडी बाजाराचा आहे आणि दोन टिपणं आलीत. पहिलं असं :

"आमच्या गावचा आठवडी बाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. येथे विविध प्रकारच्या भाज्या, फळे व जीवनावश्यक वस्तू मिळतात. बाजार म्हणजे ग्रामीण संस्कृतीचे दर्शनच होय. आजच्या मॉलच्या युगातही या बाजाराने आपले वेगळेपण जपले आहे."

दुसरं असं :

"मिरचीवाली बाई पारडं टेकलं की वर दोन मिरच्या टाकते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला तीन. दर विचारून पुढे गेलेल्या माणसाकडे ती बघत नाही, पण तोच फिरून परत आला की दर पाच रुपयांनी वाढवून सांगते. मी विचारलं, असं का? म्हणाली, अख्खा बाजार हिंडून आलाय, आता त्याला कळलंय माझाच माल चांगला."

पहिल्यात चूक एकही नाही. शुद्धलेखन ठीक, वाक्यं पूर्ण, 'होय'सुद्धा जागच्या जागी. पण ते कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाचं असू शकतं, बाजारात पाऊल न टाकलेल्याचंही. दुसरं ज्याने लिहिलं तो तिथे उभा होता, बराच वेळ उभा होता आणि त्याने तोंड उघडून प्रश्न विचारला. 'ग्रामीण संस्कृती' हा शब्दही न काढता त्याने भाव ठरवण्याची एक रीत दाखवली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी यावर तासभर बोलेल.

तर पहिली कसोटी ही : लेखकाने स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, विचारून घेतलेलं यात काय आहे? त्याच्या ओळी पेन्सिलीने अधोरेखित करा. पूर्ण टिपणात तशी ओळच सापडली नाही तर तुमचा शेरा तयारच आहे.

दुसरी कसोटी जरा अवघड. लेखकाला काही तरी जाणून घ्यायचं आहे असं वाटतं का? लिहायला बसताना जे माहीत होतं तेच शेवटी उरलं असेल, तर ते सहीसलामत पार पडलेलं लेखन आहे. उत्कृष्ट लेखनात मधेच कुठे तरी लेखक स्वतःच थबकलेला दिसतो. मिरचीवालीच्या टिपणात पुढे त्या मुलाने लिहिलं की घरी आल्यावर आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, माल चांगला-बिंगला काही नाही, तो परत आला म्हणजे त्याला गरज आहे हे तिला कळलं. म्हणजे एकाच पाच रुपयांची दोन स्पष्टीकरणं. त्याने दोन्ही ठेवली, निवाडा केला नाही. बरं केलं.

तिसरी कसोटी एका टिपणाला लावता येत नाही, सत्रभराच्या लेखनाला लावावी लागते. सगळी टिपणं सलग वाचली की एखादा माणूस दिसतो का? वारंवार परत येणारं कुतूहल, एखादी खोड, बोलण्याची लकब? काही मुलं दर वेळी सुटासुटा चांगला निबंध लिहितात. काही मुलं सुरुवातीला अडखळतात, पण चौथ्या-पाचव्या टिपणापासून त्यांना आपला विषय सापडतो आणि मग ती त्याला सोडत नाहीत. मी या दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या बाजूने आहे. हा माझा पक्षपात आहे, तो आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे लिहिण्यासारखं काही घडतच नाही. मग?

मेसचा डबा कोण उचलतं, रिकामे डबे परत कसे जातात? एसटीच्या पासाच्या रांगेत खिडकी बंद व्हायच्या वेळी काय होतं? शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की मोटार चालू करायला कोण उठतं आणि हातात काय घेऊन जातं? झेरॉक्सवाल्याला परीक्षेआधी कोणत्या विषयाची गर्दी होणार हे तुमच्याआधी कसं कळतं? निघा आणि विचारून या.

'छान लिहिलं आहेस, असंच लिहीत राहा' हा शेरा चालेल का?

नाही. 'अजून सुधारणेस वाव आहे' हाही नाही. दोन्ही न वाचता लिहिता येतात.

शेऱ्याची सुरुवात निवाड्याने करू नका, वर्णनाने करा. अध्यापनशास्त्रावर लिहिणाऱ्या लिंडा निल्सन यांनी २००३ मध्ये हा मुद्दा मांडला होता. विद्यार्थ्याला 'मांडणी चांगली आहे का' असं विचारलं की तो भिडेखातर 'हो' म्हणतो. त्याऐवजी 'लेखकाचं मुख्य म्हणणं तुला कोणत्या वाक्यात सापडलं, ते उतरवून काढ' असं सांगितलं की वाचावंच लागतं. दोन वाचकांनी दोन वेगळी वाक्यं उतरवली तर लेखकाला जे कळायचं ते कळतं, कुणी कुणाला दुखवावं लागत नाही.

आम्ही शेऱ्यात चार गोष्टी मागतो. हे टिपण कशाबद्दल आहे असं तुम्हाला वाटलं, ते एका वाक्यात. लक्षात राहिलेली एक जागा, शब्दशः. वाचताना जिथे थांबलात, गोंधळलात किंवा पान उलटावंसं वाटलं ती जागा. आणि लेखकाला एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे. शेवटचा भाग सगळ्यांत अवघड जातो. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' हा प्रश्न नव्हे.

एका मुलीने आजोळच्या विहिरीवर लिहिलं होतं. तिला आलेला एक शेरा असा : "विहीर आटल्यावर तळाशी भांडी सापडली तिथे मी दोनदा वाचलं. पण त्याआधीचं 'पाणी हेच जीवन' पासूनचं अर्धं पान मी सोडून दिलं, खरं सांगतो. ती पितळी कळशी कुणाची होती हे घरात कुणी ओळखलं का?" तिने पुढच्या खर्ड्यात ते अर्धं पान उडवलं आणि मामीला फोन केला. कळशी ओळखणारं घरात कुणी नव्हतं, पण फोनवर मामीने सांगितलं की पूर्वी रागाच्या भरात भांडी विहिरीत टाकायची एक पद्धतच होती घरात. टिपणाचा विषयच बदलला. हा शेरा लिहिणारा मुलगा स्वतः यथातथाच लिहितो. वाचतो मात्र उत्तम.

लेखक माझा मित्र आहे. वाईट आहे असं कसं लिहू?

लिहू नकाच. 'वाईट' हा शेरा नाही, 'तिसऱ्या परिच्छेदापासून मला कोण बोलतंय ते कळेना' हा शेरा आहे. त्याने मैत्री तुटत नाही.

उलट बाजूही असते. हॉस्टेलमध्ये भांडण झालं आणि त्याचा हिशेब शेऱ्यात चुकता केला, असं घडतं. म्हणून कोण कुणाचं वाचणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि दर दोन टिपणांनंतर जोड्या बदलतात. नावं झाकून तपासावं असं अनेक जण सुचवतात. मोठ्या अनोळखी वर्गात त्याचा फायदा असेलही. पण आमच्या वर्गात अक्षर सोडा, विषयावरूनही लेखक ओळखू येतो. आणि मला ते नकोच आहे. सही करून टोचणारी गोष्ट सभ्यपणे लिहिता येणं हेही शिकायचंच आहे ना? निनावी शेरे कसे असतात ते पाहायला महाविद्यालयाबाहेर भरपूर जागा आहेत.

शुद्धलेखनाचे गुण कापायचे का?

पहिल्या वाचनात पेन खाली ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ शोधायला लागलात की टिपण वाचायचं राहून जातं, आणि ज्याला शेरा काय लिहावा सुचत नाही तो हमखास वेलांट्यांचा आसरा घेतो.

दुसऱ्या वाचनात जरूर पाहा, पण आधी नियम माहीत करून घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ मध्ये भर पडून ते अठरा झाले. वर्गात 'चुका' म्हणून गोल केलेल्या कित्येक जागा चुका नसतात. 'केलं', 'गेलं', 'असं' ही बोलीतली रूपं अनुस्वार देऊन लिहिण्याची मुभा नियमांतच आहे. ती खोडून 'केले', 'गेले' करू नका. एकाच परिच्छेदात 'केलं' आणि 'केले' असा खो-खो चालला असेल तर ते मात्र दाखवा. 'कवी', 'गती' यांचा शेवट दीर्घ असतो आणि 'आणि'चा ऱ्हस्व, एवढं पाठ असलं तरी अर्धी भांडणं मिटतात. अर्थ बदलणाऱ्या जागा आधी धरा : 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर'. 'डॉक्टरांनी शिर कापली' असं वाचल्यावर वर्ग हसला तर लेखक ती वेलांटी जन्मात विसरणार नाही, पण हसण्याआधी त्याला एकट्याला सांगितलं तरी तेच होतं.

वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत लिहिलं तर?

तर उत्तम. वर्गात खानदेशातली, विदर्भातली, कोकणातली मुलं असतात. कुणी संवादात 'मले माईत नाही' लिहिलं की पुण्या-मुंबईकडचा वाचक 'मला' अशी दुरुस्ती करतो. ती दुरुस्ती नव्हे, ढवळाढवळ आहे. माणूस जसा बोलला तसा कागदावर आला पाहिजे. 'ती काय करून राहिली' हे नागपूरकडचं वाक्य तिथल्यापुरतं बिनचूक आहे.

पूर्ण टिपण बोलीत असेल आणि तुम्हाला एखादा शब्द अडला, तर लेखकाला विचारा आणि अडला असं शेऱ्यात लिहा. अर्थ द्यायचा की वाचकाला अंदाज करू द्यायचा हे लेखक ठरवेल. बोलीची नक्कल मात्र लगेच उघडी पडते. गावाकडचं पात्र म्हटलं की सिनेमातलं 'काय वं', 'आरं लेका' टाकून मोकळं होणाऱ्यांना विचारा, हे कोणत्या तालुक्यात बोलतात?

एआयकडून लिहून आणलेलं कसं ओळखायचं?

पोलिसगिरी करू नका. ओळखून देणारी सॉफ्टवेअर आहेत म्हणतात, मी त्यांच्यावर विसंबत नाही. माणसाने स्वतः लिहिलेल्या मजकुरावरही ती बोट ठेवतात, आणि एकदा ठेवलेलं बोट त्या मुलाच्या अंगावरून निघत नाही.

शिवाय रोग जुना आहे. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'अनन्यसाधारण महत्त्व आहे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' ही वाक्यं यंत्राने शोधून काढलेली नाहीत. दहावीच्या निबंधांच्या गाईडांनी ती तुमच्या आई-वडिलांकडूनही पाठ करून घेतली होती. यंत्राने तो माल फक्त फुकट आणि झटपट केला. तेव्हा वाचकाने पाहायचं ते एकच : यात कुणी तरी काही पाहिलेलं आहे का? नसेल तर ते यंत्राचं असो, गाईडचं असो की लेखकाच्या स्वतःच्या आळसाचं, शेरा तोच लागतो. आणि शेऱ्यातला खरा प्रश्न इथेही कामी येतो. 'मिरचीवाली कुठल्या गावाहून येते?' याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला पुढच्या आठवडी बाजारी पाठवता येतं.

दोन वाचकांनी परस्परविरुद्ध सांगितलं तर कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच ऐकायची सक्ती नाही. उत्तर द्यायची आहे. दुसऱ्या खर्ड्याच्या खाली दोन-तीन ओळींत लिहायचं : काय बदललं, काय बदललं नाही आणि का. 'हा परिच्छेद मी ठेवला, कारण तो काढला तर आजी एकदम कठोर वाटते' एवढं पुरतं. वाचकाने लक्षणं सांगायची, इलाज लेखकाने करायचा. दोघेही वाचक एकाच जागी अडखळले असतील तर मात्र तिथे काही तरी आहे, त्यांनी सुचवलेले उपाय कितीही चुकीचे असोत.

घरचं काही लिहिलं आणि ते वर्गभर झालं तर?

वडिलांचं पिणं, घरावरचं कर्ज, जातीवरून ऐकून घ्यावं लागलेलं, आईचं आजारपण. मुलं यावर लिहितात, आणि बरेचदा त्यांचं सगळ्यांत सकस लेखन तेच असतं. त्यामुळेच पहिल्या पानावर 'फक्त मॅडमसाठी' लिहिण्याची सोय आहे. असं टिपण सोबत्यांकडे जात नाही आणि त्याचे गुणही कमी होत नाहीत. वाचायला दिलं असेल तरी वाचकाने ते वर्गाबाहेर न्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. काही टिपणं आम्ही महाविद्यालयाच्या ब्लॉगवर आणि भित्तिपत्रकात घेतो, तीही लेखकाला दर वेळी विचारून. टिपणात दुसऱ्या कुणाची ओळख पटत असेल तर त्या माणसालाही विचारावं, निदान नाव-गाव बदलावं.

एखादं टिपण वाचून लेखकाच्या जिवाची काळजी वाटली, तर मांडणीवर शेरा लिहीत बसू नका. त्याच दिवशी मला किंवा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते.

पूर्वी असं काही होतं का?

भित्तिपत्रकं आणि शाळांची हस्तलिखितं होतीच, अजूनही आहेत. माझ्या आवडीचं उदाहरण अमळनेरचं. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालयाचं कामही पाहत. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. खानदेशातल्या एका वसतिगृहात मुलं रोज सकाळी ताजा मजकूर वाचत होती, आणि लिहिणारा त्यांच्यातच राहत होता. लेखक आणि वाचक एका छपराखाली असले की दोघांनाही अळंटळं करता येत नाही.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे जमणार कसं?

सहकाऱ्यांसाठी. चार-चार जणांचे गट करा, वाचन तासातच करून घ्या. घरी वाचून आणा म्हटलं की बसमध्ये शेरे लिहिले जातात. पहिले दोन तास एकाही विद्यार्थ्याचं लेखन हातात घेऊ नका. जुन्या तुकडीतलं, लेखकाच्या परवानगीने घेतलेलं टिपण सगळ्यांना द्या, सगळ्यांनी शेरा लिहू दे, मग शेऱ्यांवर चर्चा करा. हे दोन तास वाचवले तर पुढचं सत्र वाया जातं.

सत्राअखेर क्रम लावताना आकडे देण्यापेक्षा जोड्या लावून पाहा. दोन विद्यार्थ्यांचं लेखन समोर ठेवायचं आणि एवढंच विचारायचं : यातलं सरस कोणतं? मग दुसरी जोडी, तिसरी जोडी. लुई थर्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये तुलनात्मक निवाड्याचं हे तत्त्व मांडलं. माणसाला 'हे दहापैकी किती' सांगणं अवघड जातं, 'या दोनांत कोणतं' हे सोपं. पुरेशा जणांच्या पुरेशा जोड्या झाल्या की क्रम बऱ्यापैकी स्थिर होतो. विद्यार्थ्यांना हा प्रकार आवडतो, कारण मग ती आपल्या निवडीसाठी भांडतात. त्या भांडणात जे निकष बाहेर येतात ते मी फळ्यावर लिहून त्यांना कधीच समजले नसते.

माझ्या मुलीला वर्गातल्या मुलांनी कमी लेखलं. तिचं नुकसान होणार का?

पालकांना सांगते : अंतिम गुण माझे असतात आणि शेऱ्यांचे कागद जपून ठेवलेले असतात. तिने ते आणले तर मी तिच्यासोबत बसून वाचीन. तुम्ही आलात तरी चालेल, पण तिला विचारून या.

माझ्याकडे शेरा द्यायचा राहिला, मी आजारी होतो. आता?

बरे झाल्यावर आठ दिवसांत द्या. तोवर लेखकाने दुसरा खर्डा केला असेल तर तुम्ही त्यावर लिहा, पहिला आता कुणाच्या कामाचा नाही. आजारी नव्हता, नुसता राहिला असेल, तर मला कारण देऊ नका, लेखकाला द्या. तो तुमची वाट बघत होता.